बिनतेलाचे चार महिने

आमच्या ह्यांना छातीत पहिली कळ आली ती शाळेच्या मैदानावर, मुलांकडून लेझीम बसवून घेताना. बहात्तरच्या मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. गणपती नुकतेच उठले होते. हे नगरच्या एका शाळेत व्यायामाचे शिक्षक होते आणि मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. ह्यांचं वय चव्वेचाळीस. तरुणपणी तालमीत कुस्ती केलेली, रोजच्या जोरबैठका तेव्हाही चालू. अशा माणसाला दोन सहकाऱ्यांनी टांग्यात घालून दवाखान्यात नेल्याचा निरोप माझ्या वर्गात आला, तेव्हा निरोप्याची काहीतरी गफलत झाली असेल असंच मला वाटलं. फळ्यावरची बेरीज पूर्ण करून मगच मी वर्गाबाहेर पडले. त्या दोन मिनिटांची लाज मला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिली.

तीन आठवडे त्यांना खाटेवर पडून राहावं लागलं. डॉक्टर शांत स्वभावाचे, साधारण पन्नाशीचे होते. "झटका लहान होता, नशीब समजा," असं ते रोज म्हणायचे. घरी सोडायच्या दिवशी त्यांनी आम्हाला समोर बसवलं, एका कागदावर इंग्रजीत, आम्हाला न लागणाऱ्या अक्षरात, चार-पाच ओळी लिहिल्या आणि "आता जेवणाचं नीट ऐका" म्हणून बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात आतून नर्स धावत आली. कुणाची तरी तब्येत एकदम बिघडली होती. डॉक्टर उठून गेले ते अर्धा तास आलेच नाहीत. बाहेर टांगा उभा होता आणि ह्यांना बसवत नव्हतं. मी तो कागद घेऊन औषधांच्या खिडकीपाशी गेले. कंपाउंडरने गोळ्या पुड्यांत बांधता बांधता कागदावर नजर टाकली आणि म्हणाला, "तेलतूप बंद करायचं, बाई."

"अजिबात?" मी विचारलं.

"बंद म्हणजे बंद. हृदयाचा पेशंट आहे."

त्याची चूक होती असं मी आजही म्हणत नाही. खिडकीपाशी रांग होती. पण मला ते शब्द असे लागले की दुसरं काही विचारावंसंच वाटलं नाही. माझे वडील असेच छातीत कळ येऊन गेले होते. अकोले तालुक्यातल्या आमच्या डोंगरातल्या गावात, भातलावणीच्या दिवसांत, बांधावर बसल्या जागी. त्यांच्यासाठी कुणाला काही करायला सवडच मिळाली नव्हती. इथे मला सवड मिळाली होती, आणि काय करायचं तेही तीन शब्दांत कळलं होतं.

आम्ही तेव्हा नगरच्या बाहेर सावेडीला राहायला गेलो होतो. दोन खोल्या, पुढे पडवी, आजूबाजूला मोकळे प्लॉट आणि त्यापलीकडे ज्वारीची शेतं. घरी आल्यावर मी पहिलं काम स्वयंपाकघर आवरायचं केलं. वनस्पती तुपाचा डबा, कढवलेल्या तुपाची बरणी, गोडेतेलाची किटली, सगळं शेजारणीला देऊन टाकलं. ती बिचारी घेईना. "अहो, थोडं तरी ठेवा, फोडणीला तरी," म्हणाली. मी म्हटलं, "फोडणीच नको आता."

आणि खरंच नाही दिली. भाजी पाण्यात शिजवायची आणि वरून मीठ-तिखट घालायचं. वरणाला जिरं कोरडंच भाजून घालायचं. पिठलं पाण्यावर हाटायचं. शेंगदाण्याचं कूट तेलकट म्हणून बंद, नारळ बंद, तीळ बंद. दूध आणायचं ते साय पूर्ण काढून. स्वतःला आणि मुलीलाही मी हेच वाढायची. ह्यांच्यासमोर आपण तेलाची भाजी खायची, हे मला जमण्यासारखं नव्हतं. मुलगी नववीत होती. पहिले काही दिवस तिने ते निमूट खाल्लं. मग एकदा म्हणाली, "आई, मला मधल्या सुट्टीपर्यंत दम निघत नाही गं. नुसती भूक." मी तिला म्हटलं, "वडिलांसाठी एवढं कर." नंतर कळलं की ती मैत्रिणीच्या डब्यातली भाजी खात होती, आणि त्या मैत्रिणीच्या आईने तिच्यासाठी रोज एक पोळी जास्त द्यायला सुरुवात केली होती.

ह्यांनी मात्र एका शब्दाने तक्रार केली नाही. दवाखान्यातून आल्यापासून त्यांचा स्वतःवरचा भरवसाच उडाला होता. ताटात वाढेन ते खायचे. पण माझ्या लक्षात यायचं की दुसरी भाकरी ते नको म्हणतात. कोरडी भाकरी आणि पाणचट भाजी घशाखाली उतरत नव्हती. दिवाळी आली तशी गेली. कढई चुलीवर चढलीच नाही. आईने गावाहून भावाबरोबर घरच्या खुरासणीचं तेल पाठवलं होतं. आमच्या डोंगरात तेच खातात, काळ्या बारीक बियांचं, जरा उग्र वासाचं. लहानपणी भाकरीवर ते तेल आणि मीठ घेऊन मी किती जेवले असेन. ते सगळं तेल मी पणत्यांना वापरलं. भाऊ पडवीत बसून बघत होता. "ताई, हे खायचं हाय गं," एवढंच म्हणाला.

महिन्याभराने तपासणीला गेलो, तर आमचे डॉक्टर रजेवर होते. दुसऱ्या कुणीतरी रक्तदाब पाहिला, "ठीक आहे, गोळ्या चालू ठेवा" म्हणून सांगितलं आणि आम्ही परतलो.

मार्गशीर्ष-पौषात ह्यांचा चेहरा पाहवेना. सदरे खांद्यावर लोंबायला लागले. पट्ट्याला मी खिळ्याने दोन नवी भोकं पाडून दिली. अंगाची कातडी कोरडी पडून पांढरी भुकटी सुटायची, टाचांना भेगा गेल्या होत्या. नळावरून अर्धी बादली आणली की खाली बसायचे. शाळेत रुजू झाले होते, पण मैदानावर खुर्ची टाकून बसून शिकवायचे. ज्या माणसाने आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, तो मुलीच्या हातून पेला पडला म्हणून तिच्यावर ओरडला आणि मग स्वतःच तोंड फिरवून बसला. मला वाटायचं, हृदयच थकत चाललंय. एवढं जपूनही हाताला यश नाही. दुपारी ते झोपले की त्यांच्या छातीच्या वरखाली होण्याकडे मी बघत बसायची. आणि जितकी जास्त भीती वाटायची, तितकी मी आणखी कडक व्हायची. शेवटी मी दूधही निम्मं केलं.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल, एका रविवारी सकाळी ह्यांच्या तालमीचे वस्ताद आले. पासष्टीचा गडी, पांढऱ्या मिश्या, डोक्याला फेटा, हातात तुपाचा डबा. गावाकडे शेती बघायला गेले होते म्हणून त्यांना आजारपणाची बातमी उशिरा लागली होती. दारात उभे राहून त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं आणि काही क्षण ओळखच पटेना.

"अरं, हे काय झालं तुझं?" ते जवळ येऊन बसले. ह्यांचा दंड त्यांनी आपल्या पंजात धरला, जसा ते आखाड्यात पोरांचा धरायचे. "लई वाळलास गड्या. दंडाला मांस न्हाई राह्यलं."

मी आतून चहा घेऊन आले. वस्तादांनी डबा माझ्यापुढे सरकवला. "बाई, घरच्या म्हशीचं तूप हाय. मपल्या हातानं कढवलंय. दोन वक्ताला भाकरीवर वाढा. महिन्यात उभा राहतो का न्हाई बघा."

"त्यांना तूप चालत नाही," मी म्हटलं. "डॉक्टरांनी तेलतूप सगळं बंद केलंय."

"सगळं?"

"सगळं. चार महिने झाले, घरात तेलाचा थेंब नाही." हे सांगताना माझ्या आवाजात जरा अभिमान होता, तो मला आजही आठवतो.

वस्तादांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज वाढला नाही, पण डोळे भरून आले. "बाई, रागावू नका. तुमी शिकलेल्या, मी आडाणी. पन मी ह्याला पोरासारखा वाढवलाय. ह्यो आजारी न्हाई. तुमी याला उपाशी मारताय."

मला असं कुणी कधी बोललं नव्हतं. मी आत गेले आणि चुलीपुढे पाठ करून उभी राहिले. राग आला होता, अपमान वाटत होता, पण त्याखाली दुसरंच काहीतरी होतं. भीतीच होती ती. म्हाताऱ्याचं खरं असलं तर? मी बाहेर आले आणि म्हटलं, "उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ. वस्ताद, तुम्हीही चला. तुमच्यासमोरच विचारू."

"चला," ते म्हणाले. "ह्यो डबाबी घेतो. डाक्टरलाच दावतो."

सोमवारी सकाळी बोचरी थंडी होती. आम्ही तिघं टांग्यातून निघालो. ह्यांनी शाल लपेटली होती, वस्तादांच्या मांडीवर तुपाचा डबा. दवाखान्यात ह्यांना आत नेऊन कार्डिओग्राम काढला. मी बाहेर बाकावर बसले होते. मनातल्या मनात मी सगळं ठरवून टाकलं होतं. ह्यांची नोकरी गेली तर काय, मुलीचं शिक्षण कसं करायचं, माहेरी कळवायचं कसं. मग आतून हाक आली.

डॉक्टर ती लांब पट्टी दोन्ही हातांत धरून खिडकीच्या उजेडात बघत होते. बराच वेळ बघत होते.

"चांगला आहे," ते म्हणाले. "मला वाटलं होतं त्याहून चांगला. हृदयाने छान उभारी घेतलीय."

मला ते कळलंच नाही. मी म्हटलं, "मग हे असे का झालेत?"

डॉक्टरांनी ह्यांचे डोळे पाहिले, नखं पाहिली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. मग वजन घेतलं आणि जुन्या कागदाशी ताडून पाहिलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "बाई, हे जेवतात काय? कालचं सांगा, सकाळपासून."

मी सांगितलं. सकाळी बिनसायीच्या दुधाचा अर्धा कप चहा. दुपारी एक भाकरी, पाण्यात शिजवलेला दुधीभोपळा, वरण. संध्याकाळी भाकरी आणि पिठलं, तेही बिनतेलाचं.

"बिनतेलाचं पिठलं?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. कागदावर."

त्यांनी तो कागद मागितला. मी तो चार महिने पदराच्या गाठीत नाही, पण पर्समध्ये घडी करून जपला होता. त्यांनी तो माझ्यापुढे उलगडून बोट ठेवत ठेवत मराठीत वाचून दाखवला. तूप, लोणी, वनस्पती, मटणाची चरबी, खोबरं बंद. तळलेलं बंद. स्वयंपाकाला करडईचं तेल वापरावं, माणशी दिवसाला तीन ते चार चहाचे चमचे.

"तेल बंद करा असं मी कुठेच लिहिलेलं नाही," ते म्हणाले. मग त्यांचा सूर बदलला. "पण तुम्हाला मी स्वतः समजावून सांगायला हवं होतं. त्या दिवशी अर्ध्यातून उठलो आणि नंतर विचारलंही नाही. चूक माझी. यांच्या हृदयाला काही झालेलं नाही, बाई. माणूस उपाशी आहे, एवढंच."

वस्तादांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांचं हे सौजन्य मी विसरले नाही. पण डबा मात्र त्यांनी टेबलावर ठेवला. "मंग ह्ये चालंल का?"

डॉक्टर हसले. त्यांनी झाकण उघडून डबा सरळ उलटा धरला. तूप थंडीने असं थिजलं होतं की कणभरही हललं नाही. मग त्यांनी आतल्या खोलीतून एक बाटली मागवली. त्यांच्या स्वतःच्या घरी न्यायला आणलेलं करडईचं तेल होतं. ती तिरपी केली तर पिवळंधमक तेल पाण्यासारखं आत फिरलं. "दोन्ही याच थंडीत आहेत," ते म्हणाले. "जे असं थिजतं, ते ह्यांच्यासारख्या माणसाच्या रक्तातली चरबी वाढवतं. वनस्पतीचंही तेच. ते मुळात तेलच, कारखान्यात मुद्दाम घट्ट केलेलं. जे थंडीतही वाहतं, ते ह्यांना त्यापेक्षा पुष्कळ बरं. पण तेही मापात. आणि मुळीच नसलं तर कातडी सुकते, ताकद जाते, भाजीतली काही जीवनसत्त्वंही अंगी लागत नाहीत. शरीराला स्निग्ध हवंच."

"मी जलमभर तूप खाल्लं," वस्ताद म्हणाले. "मला काय झालं?"

"तुम्ही दिवसाला जोर किती मारायचात?"

"हजार."

"आणि तालमीतून बाहेर पडल्यावरही शेतात राबलात. तरी सगळ्यांचं शरीर सारखं नसतं, वस्ताद. तुम्हाला पचलं म्हणून ह्यांनाही पचेल असं नाही. ह्यांना एकदा इशारा मिळालाय. त्यांनी ऐकलेलं बरं."

वस्तादांनी जरा विचार केला आणि डब्याचं झाकण लावलं. "मंग ह्ये तूप मपल्या नातवाला," म्हणाले.

मी एकेक करून विचारत गेले. शेंगदाणे? मूठभर चालतील. शेंगदाण्याचं तेल? करडईत मिसळून थोडं चालेल. तीळ, जवसाची चटणी? जरूर. खुरासणी? डॉक्टर म्हणाले, "डोंगरातली माणसं तेच खाऊन डोंगर चढतात." एकदा तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवून वापरू नका, एवढं त्यांनी बजावलं. विचारता विचारता मला रडू फुटलं. दुःखाचं नव्हतं ते. चार महिने छातीवर धोंडा घेऊन फिरत होते, तो कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवला होता. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, रडतेस काय? जेवायला मिळणार आहे मला!" चार महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा थट्टा केली होती.

परतताना बाजारात टांगा थांबवून करडईचं तेल घेतलं. घरी आल्यावर कढईत मोजून तेल घातलं, ते तापल्यावर मोहरी टाकली. ती तडतडली, हिंग-हळदीचा वास घरभर गेला, आणि मुलगी दप्तर खांद्यावर तसंच ठेवून धावत आत आली. "आई! फोडणी?" मेथीची भाजी होती, लसणाची. वस्ताद पडवीत मांडी घालून बसले, शेजारी हे. ह्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. मग खात राहिले. दुसरी भाकरी मी न विचारता वाढली, तिसरी त्यांनी मागितली. वस्ताद मान खाली घालून मिशीतल्या मिशीत हसत होते. जेवून उठताना मला म्हणाले, "बाई, काल मी लई टाकून बोल्लो."

"बरं झालं बोललात," मी म्हटलं.

पुढे मी एका काचेच्या बाटलीला कागदाची पट्टी चिकटवली आणि तिघांचं आठवड्याचं तेल खुणेपर्यंत भरून ठेवायला लागले. रविवारपर्यंत ते पुरलं पाहिजे. सुरुवातीला शुक्रवारीच बाटली रिकामी व्हायची, मग हात बसला. शेजारणी विचारायला यायच्या. मला आठवतंय, एकीने सासऱ्यांना तुपाऐवजी वनस्पती द्यायला घेतलं होतं, स्वस्त आणि हलकं म्हणून. तिला मी थंडीत थिजणाऱ्या डब्याचं सांगितलं. मी काही डॉक्टर नव्हते, पण एक गोष्ट मी प्रत्येकीला बजावून सांगायची. डॉक्टरांच्या तोंडून पूर्ण ऐकून घ्या, आणि कळलं नाही तर उठू नका.

उन्हाळ्यापर्यंत ह्यांचं अंग भरलं. पूर्वीसारखं नाही, पण कातडीवर तुकतुकी आली, टाचा भरून निघाल्या. चैत्रात नवी करडई निघाली तेव्हा एका सकाळी आम्ही दोघं पायी जवळच्या गावात लाकडी घाण्यावर गेलो. बैल डोळ्यांना झापडं लावून संथपणे फिरत होता, लाकडाचा कुरकुर आवाज येत होता आणि खालच्या भांड्यात तेलाची बारीक धार पडत होती. घाणेवाल्या आजीबाईंनी आपल्या शिदोरीतल्या भाकरीचे दोन तुकडे केले, त्यावर ते कोमट तेल आणि चिमूटभर मीठ घालून आमच्या हातांवर ठेवले. आम्ही ओट्यावर बसून खाल्लं. बोटं तेलकट झाली ती ह्यांनी हातावरच चोळून टाकली.

निघालो तेव्हा ऊन चढलं होतं. वाटेत एक लांबलचक चढ आहे. तेलाचा डबा ह्यांच्याच हातात होता. बोलता बोलता ते पुढे निघून गेले, आणि मी दम लागून मागे राहिले. "हळू चला" म्हणायला तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, जाऊ देत. आणि चढावर उभी राहून मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.